मिठाच्या कुंपणाचा निवडुंग

निवडुंग मराठी माणसाच्या ओळखीचा, पण प्रीतीचा नव्हे. शेताच्या बांधावर, गांवकुसाबाहेर, ओसाड वाड्याच्या पडक्या भिंतीशीं तो उभा असतो. त्याच्या वाटेस गुरें जात नाहींत आणि पोरेंही जात नाहींत. पुण्याच्या नाना पेठेंतील एका विठोबास ‘निवडुंग्या’ हें नांव पडलें तें निवडुंगाच्या जाळींत मूर्ति सांपडली या आख्यायिकेवरून. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी पुण्यांत त्याच देवळीं उतरते. एवढा मान सोडला, तर या वनस्पतीच्या वांट्यास कौतुक फारसें आलेलें नाहीं. तथापि एकोणिसाव्या शतकांत एक काळ असा येऊन गेला, कीं हिंदुस्थान सरकारचें एक संबंध खातें या निवडुंगाची आणि त्याच्या सोबतीच्या बोरी-बाभळींची माळ्याप्रमाणें मशागत करीत होतें. त्यांच्यासाठीं माती वाहून आणली जात होती, पाण्याची तजवीज केली जात होती, आणि कोठें किती मैल झाडें कशीं वाढलीं याचे अहवाल दरवर्षीं वर जात होते. ही सारी खटपट बागेसाठीं नव्हती, मिठासाठीं होती.

निवडुंग या एका नांवाखालीं आपल्याकडे दोन अगदीं निराळीं कुळें मोडतात, आणि पुढील हकीकत समजण्यास हा भेद ध्यानांत असलेला बरा. फड्या निवडुंग, ज्याचीं पंजासारखीं चपटीं कांडीं एकावर एक चढलेलीं असतात, तो मूळचा अमेरिकेचा. त्या खंडाचा शोध लागल्यानंतर यूरोपियनांच्या जहाजांतून तो इकडे आला. दुसरा, जुना व खरा आपला, म्हणजे संस्कृतांतील स्नुही आणि हिंदींतील थूहर. याचा हिरवा मांसल दांडा खांबासारखा सरळ वर चढतो. त्यास तीन, पांच किंवा अधिक धारा असतात, आणि धारांवर कांट्यांच्या जोड्या असतात. आपला त्रिधारी निवडुंग याच कुळांतला. हिमालयाच्या पायथ्याशीं कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या याच्या एका भावंडास, सहारनपूरच्या सरकारी बागेचे एके काळचे अधिकारी रॉईल यांचें नांव शास्त्रज्ञांनीं दिलें आहे. फड्यास दूध नसतें. स्नुहीस कोठेंही नख लागलें कीं पांढरा चीक वाहूं लागतो. तो अंगास लागला तर फोड उठतात, डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेततें. आयुर्वेदानें याच चिकाची गणना अतितीव्र रेचकांत केली, आणि क्षारसूत्राच्या दोऱ्यास पुटें दिलीं तींही याचींच. बंगाल्यांत सर्पांची देवता मनसा हिची पूजा या झाडाच्या फांदीच्या रूपानें होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या झाडाचा थोर गुण असा, कीं त्याचें कांहीं करावें लागत नाहीं. उन्हाळ्यांत हातभर लांबीचें कांडें कोयत्यानें तोडावें आणि आठ-पंधरा दिवस सावलींत पडूं द्यावें, म्हणजे चीक वाळून जखमेचें तोंड मिटतें. मग वळवाच्या सुमारास बांधावरच्या भुसभुशीत मातींत तें वीतभर खोल उभें करावें. एवढ्यावर काम संपलें. ओल्या जखमेचें कांडें लगेच पुरलें, किंवा पुरल्याबरोबर त्यावर घागर ओतली, तर मात्र तें बुडाशीं कुजतें. तहानेनें मेलेला निवडुंग क्वचित् दिसतो. जो मरतो तो बहुधा लावणाराच्या मायेनें मरतो. पावसाळ्यांत त्यास पानें फुटतात, कोरड्या दिवसांत तीं गळून पडतात, आणि अन्न तयार करण्याचें काम हिरवा दांडाच करूं लागतो. हवा आंत घेण्याचीं त्याचीं सूक्ष्म छिद्रें दिवसा मिटलेलीं व रात्रीं उघडीं असतात, त्यामुळें सांठविलेलें पाणी उन्हानें उडून जात नाहीं, असें आधुनिक वनस्पतिशास्त्र सांगतें.

कुंपण या दृष्टीनें त्याचे दोष दोन. तो खांबासारखा वर चढतो म्हणून बुडाशीं विरळ राहतो, आणि दोन खांबांमधून कोल्हा खुशाल निघून जातो. यासाठीं शेंडा छाटावा लागतो, म्हणजे खालीं फांद्या फुटतात, आणि मोकळ्या जागेंत करवंदीसारखें दाट झुडूप भरावें लागतें. दुसरें, दांडा पाण्यानें भरलेला व ठिसूळ असल्यामुळें तो वादळांत मोडतो आणि तुंबलेल्या पाण्यांत नासतो. ज्याचें शेत दहा बिघ्यांचें त्यास हे दोष जाणवत नाहींत. ज्याचें कुंपण हजार मैलांचें त्यास ते फार जाणवले.

कांटेरी कुंपणाचा उपयोग राज्यकर्त्यांस पूर्वीपासून ठाऊक होता. १७९२ च्या फेब्रुवारींत कॉर्नवॉलिसच्या फौजेनें श्रीरंगपट्टणापुढील टिपूच्या छावणीवर रात्रीं छापा घातला, तेव्हां छावणीभोंवतालचें कांटेरी झुडपांचें जाडजूड कुंपणच तिला आधीं ओलांडावें लागलें. त्या मोहिमेंत हरिपंत फडके मराठी फौजेसह हजर होते. पण तें कुंपण शत्रूस अडविण्यासाठीं होतें. उत्तरेंत पुढें जें वाढलें तें राज्यकर्त्यांनीं आपल्याच प्रजेच्या मध्यें घातलें.

त्याचें मूळ मिठावरील करांत आहे. कंपनीच्या राज्यांत या कराचा दर इलाख्यागणिक निराळा होता. बंगालकडे व उत्तरेकडे तो जड. पश्चिमेस, मुंबई इलाख्यांत, त्या मानानें हलका. आणि राजपुतान्यांतील सांभर सरोवर तर जयपूर व जोधपूर या संस्थानांच्या ताब्यांत. मुंबई इलाख्यांत १८३७ सालीं मणामागें आठ आणे कर बसला. १८४४ सालीं त्याचा रुपया केला तेव्हां सुरतेस दंगा उसळला, आणि सरकारास बारा आण्यांवर उतरावें लागलें. पुढें मात्र तो पायरीपायरीनें चढत १८६९ सालीं एक रुपया तेरा आण्यांवर गेला. त्याच वेळीं उत्तर हिंदुस्थानांत दर तीन रुपये होता. हा मण ८२ पौंडांचा, म्हणजे सुमारें ३७ किलोंचा. स्वस्ताईकडून महागाईकडे माल आपोआप वाहतो, हें व्यापाऱ्याच्या पोरासही सांगावें लागत नाहीं. पश्चिमेचें मीठ पूर्वेस वाहूं लागलें तें अडविण्यासाठीं जकातीचीं नाकीं बसलीं. १८३४ ते १८५४ पर्यंत जकातीचे कमिशनर असलेले जी. एच. स्मिथ यांनीं तंबाखू, लोखंड असल्या जिनसांचा पिच्छा सोडून मिठावरच नजर धरली, आणि विखुरलेलीं नाकीं एका सलग रेषेंत आणलीं. पश्चिमेकडे जाणाऱ्या साखरेवरही याच रेषेवर जकात घेत.

१८६९ सालीं ही रेषा सिंधुनदापासून महानदीपर्यंत पोंचली होती. लांबी २,३०० मैल, चौक्या १,७२७, राखणदार जवळजवळ १२,०००. लंडनहून तेवढीच रेषा काढिली तर ती कॉन्स्टँटिनोपलास जाऊन भिडेल, असा दाखला सर जॉन स्ट्रेची यांनीं दिला आहे. आपल्या बाजूचें तिचें मोठें ठिकाण म्हणजे तापीकांठचें बऱ्हाणपूर. सिंधुतीरावरील लैय्यापासून या बऱ्हाणपुरापर्यंतच्या सुमारें दीड हजार मैलांत रेषेवर कुंपण होतें. तेथून पूर्वेस ओरिसाकडे चौक्या व पहारे एवढेंच.

आरंभीचें कुंपण मेलेलें होतें. बोरीच्या, बाभळीच्या वाळलेल्या फांद्या एकावर एक रचून तें उभें करीत. अशा एका मैलास सुमारें २५० टन कांटे लागत, आणि ते पाव मैलापासून सहा मैलांपर्यंतच्या अंतरावरून वाहून आणावे लागत. उभें राहिल्यावरही तें टिकत नसे. वाळवी लागे, वणवा लागे, वावटळ उठली कीं फर्लांगच्या फर्लांग उडून जाई. दरसाल बराचसा भाग नवा रचावा लागे. त्यापेक्षां जिवंत कुंपण लावावें, एकदां वाढलें कीं तें आपली काळजी आपण घेईल, हा विचार कोणाही शेतकऱ्याच्या डोक्यांत आला असता. तो तडीस नेला ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं.

ह्यूम १८६७ सालीं या जकातीचे कमिशनर झाले. तत्पूर्वीं ते इटाव्याचे कलेक्टर होते. त्या जिल्ह्यांत त्यांनीं मोफत शाळा काढिल्या होत्या. हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या अभ्यासांत त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळीं विरळा. निसर्गावर अशी दृष्टि असलेल्या माणसाच्या हातीं हें कुंपण आलें आणि त्याचें रूप पालटलें. त्यांस जें मिळालें तें पुष्कळ ठिकाणीं खुरटलेल्या रोपांची आणि तुटक झुडपांची एक रांग होती. त्यांनीं देशी कांटेरी झाडें निरनिराळ्या मातींत व पावसांत लावून पाहिलीं, आणि जेथें जें रुजेल तें तेथें ठरविलें. मुख्य भर बोर, बाभूळ, करवंद आणि थूहराच्या अनेक जाति यांवर राहिला. हिसार जिल्ह्याच्या ज्या रुक्ष भागांत दुसरें कांहींच धरेना तेथें फड्या निवडुंग लाविला. कोठें बांबू लाविला.

त्यानंतरची मशागत पाहण्यासारखी आहे. जेथें माती निकस तेथें ती खणून काढिली आणि चांगली माती दुरून आणून भरली. जेथें नदीचा पूर चढे तेथें आधीं उंच बांध घातला आणि त्यावर झाडें लाविलीं, कारण तुंबलेलें पाणी थूहरास काळ. पावसाचें पाणी धरण्यासाठीं कुंपणाच्या कडेनें चर खणले, आणि जवळपासच्या विहिरींचें पाणी आणून घातलें. सबंध लांबीस बरोबरीनें चांगला रस्ता केला. उंदीर, टोळ, झाडांचा रस शोषणाऱ्या वेली, वाळवी, वारा, आग या सर्वांशीं सामना चालूच होता. ह्यूम १८७० सालीं हें काम सोडून गेले त्या वेळीं ४४८ मैल कुंपण पूर्ण अभेद्य आणि आणखी २३३ मैल मजबूत पण कोठें कोठें फट असलेलें, अशी नोंद झाली होती. चांगल्या भागांत त्याची उंची आठ फुटांखालीं व जाडी चार फुटांखालीं नव्हती. कोठें बारा फूट उंच आणि चौदा फूट जाड होतें. माणूस काय किंवा जनावर काय, कोणाचाही त्यांतून निभाव लागणार नाहीं, असा अभिमानाचा अभिप्राय ह्यूम यांनीं नोंदविला आहे. तो खोटा नव्हता.

तरी या सर्व उद्योगांत एक विचित्रपणा आहे. ज्या झाडाच्या अंगावर शेतकरी तांब्याभर पाणी टाकीत नाहीं त्याच्यासाठीं सरकार शेंकडों मैल चर खणतें, हें कसें? याचें उत्तर झाडांत नाहीं, रेषेंत आहे. शेतकरी निवडुंग लावतो तो जेथें निवडुंग राजी असेल तेथें. बांध मुरमाड व उंच असेल तर निवडुंग, ओल असेल तर दुसरें कांहीं. जागा आधीं आणि झाड मागून. जकातीच्या खात्याचा क्रम उलटा होता. रेषा आधीं कागदावर ओढलेली, आणि ती पंजाबच्या वाळूंतून, यमुना-चंबळेच्या दऱ्यांतून, नर्मदेच्या काळ्या जमिनींतून जात असल्यामुळें एकाच निवडुंगानें सर्वत्र सारखेंच वागावें अशी अपेक्षा. झाड हुकुमाचा बंदा नाहीं. म्हणून हुकुमाची उणीव माती, पाणी आणि मजूर यांनीं भरून काढावी लागली. ह्यूम यांची चतुराई अशी, कीं एकाच झाडाचा हट्ट त्यांनीं सोडला. रेषेचा हट्ट सोडणें त्यांच्या हातीं नव्हतें.

आणि एवढें करून कुंपणानें काय राखलें? ‘कुंपणानेंच शेत खाल्लें’ अशी आपल्यांत म्हण आहे. तिचा इतका शब्दशः दाखला इतिहासांत क्वचित् मिळेल. कुंपण गांव आणि त्याचीं शेतें यांच्या मधून गेलें. पाण्यावर न्यावयाचीं गुरें दूरच्या दरवाजापर्यंत हांकावीं लागूं लागलीं. दरवाजावर पहारेकरी, आणि पहारेकऱ्यांचे हात ओले केल्यावांचून चालणें कठीण. मीठ चोरून नेणारे लोक रात्रीं डोक्यावर गांठोडीं घेऊन फट शोधीत. कोणी गोणी कुंपणावरून पलीकडे फेंकीत. टोळ्या करून लदलेलीं जनावरें कुंपणांत घुसवीत, आणि मग मारामाऱ्या होत, माणसें मरत. १८७७–७८ या एका वर्षांत सहा हजारांवर लोकांस मिठाच्या चोरीबद्दल शिक्षा झाल्या. तें वर्ष दुष्काळाचें होतें. धान्य नाहीं, भाजीपाला नाहीं, आणि जें पेज-पाणी मिळे त्यांत घालण्यास मीठ नाहीं. उन्हांत राबणाऱ्या माणसाच्या घामांतून मीठ जातें, तें परत मिळालें नाहीं तर अंगांतील शक्ति जाते. अतिसारानें खंगलेल्या माणसास तर तें औषधच. गुरांसही तें हवें. श्रीमंताच्या पानांत मीठ डाव्या बाजूस चिमूटभर वाढतात आणि गरिबाचीही गरज तेवढीच असते, म्हणूनच या कराचा बोजा गरिबावर अधिक बसे.

राज्यकर्त्यांपैकीं शहाण्या माणसांस हें कळत नव्हतें असें नाहीं. मराठ्यांची बखर इंग्रजींत लिहिणाऱ्या ग्रँट डफचे चिरंजीव माउंटस्टुअर्ट ग्रँट डफ हे १८६८ ते १८७४ पर्यंत विलायतेंत हिंदुस्थानचे उपमंत्री होते. त्यांस या कुंपणास चीनच्या भिंतीवांचून दुसरी उपमा सुचली नाहीं. स्ट्रेची यांनीं तर सुधारलेल्या कोणत्याही देशांत याला जोड सांपडणार नाहीं असें स्पष्ट लिहून ठेविलें. तेच स्ट्रेची लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत फडणिशीचे सभासद झाले, आणि १८७९ च्या १ एप्रिलपासून कुंपण व त्यावरील पहारा मोडींत निघाला.

तें कसें निघालें हें मात्र मराठी वाचकानें नीट पाहण्यासारखें आहे. १८७० च्या सुमारास सरकारनें जयपूर व जोधपूर यांजकडून सांभर सरोवर भाडेपट्ट्यानें घेतलें, म्हणजे मीठ जेथें निघतें तेथेंच कर वसूल करण्याची सोय झाली. मग दोन्हीं बाजूंचे दर सारखे करणें एवढेंच उरलें. उत्तरेचा दर तीन रुपयांवरून अडीच रुपयांवर आणिला, आणि मुंबई व मद्रास इलाख्यांचा वाढवून तोच अडीच रुपयांवर नेला. मुंबई इलाख्यास मणामागें अकरा आण्यांची ही वाढ सोसावी लागली ती दख्खनच्या १८७६–७८ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ. पेण-उरणच्या मिठागरांशेजारीं राहणाऱ्या माणसास, ज्यानें तें कुंपण कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें, तें उपटून टाकण्याचा खर्च द्यावा लागला. उत्तरेच्या रयतेस दिलासा मिळाला हें खरें, आणि तो थोडा नव्हता. पण दिलाशाचें बिल दक्षिणेकडे आलें. १८८२ सालीं दर बहुतेक सर्वत्र दोन रुपयांवर उतरला, पुढें पुन्हां चढला. १९३० सालीं दांडीपाठोपाठ शिरोडें, वडाळें येथें जो सत्याग्रह झाला तो याच कराविरुद्ध. आणि कर उठला तो १९४७ सालीं.

ह्यूम यांचें पुढील आयुष्य सर्वांस ठाऊक आहे. १८८५ च्या २८ डिसेंबरास मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याच्या खटपटीचा मोठा भाग यांचा. मिठाच्या करास विरोध हा पुढें त्या सभेच्या ठरावांतला एक नेहमींचा विषय झाला. उतारवयांत विलायतेस परतल्यावर त्यांनीं पक्ष्यांचा नाद सोडून वनस्पतींचा धरिला, आणि १९१० सालीं दक्षिण लंडनमध्यें वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्वतःच्या पैशानें काढिली. १९१२ सालीं ते वारले.

पहारा उठल्यावर कुंपणाचें काय झालें? लोकांनीं तें तोडलें. बोर-बाभळीचीं लांकडें जळणास गेलीं, बांध नांगराखालीं आले, आणि कडेच्या सरळ रस्त्याच्या बऱ्याच भागावरून पुढें सार्वजनिक रस्ते झाले. बारा हजार माणसांनीं राखलेली ही वस्तु इतकी साफ नाहींशी झाली, कीं शंभर वर्षांनंतर इतिहासाच्या विद्यार्थ्यांसही तिचें नांव माहीत नव्हतें. लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जुनीं पुस्तकें जतन करण्याचें काम करणारे रॉय मॉक्सहॅम यांस एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या तळटिपेंत तिचा उल्लेख आढळला. त्या माग काढीत कांहीं वर्षें हिंदुस्थानांत हिंडले, आणि १९९८ सालीं इटावा जिल्ह्यांत, म्हणजे ह्यूम यांच्याच जुन्या जिल्ह्यांत, त्यांस तिचा एक तुकडा सांपडला. खेड्यांतील लोक त्या ठिकाणास अजून ‘परमट लाइन’ म्हणत होते. शेतांच्या मधून गेलेला एक रुंद बांध, आणि त्यावर वीस-वीस फूट वाढलेल्या बाभळी व बोरी.